पासपोर्ट: कार्ताझ ते तत्काळ

मार्च संपत आला की आमच्या वसईत दोन कामं एकदम निघतात. सायकलींच्या साखळ्यांना तेल पडतं आणि कपाटातले पासपोर्ट बाहेर येतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो नव्हताच. सायकल असायची दूधवाल्याची, भाजीवाल्याची आणि शाळेत जाणाऱ्या पोरांची. उन्हाळ्याची सुटी म्हणजे गाव, आंबे, फणस आणि लग्नं. आता रविवारी पहाटे वसईच्या किल्ल्याशी किंवा अर्नाळ्याच्या रस्त्याला गेलात, तर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे घोळकेच्या घोळके भेटतात. त्यातली काही मंडळी मे महिन्यात सायकली पेटीत बांधून विमानात चढतात. कुणी व्हिएतनामला जातं, कुणी थायलंडला, कुणी श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत.

तयारी महिनोन् महिने चाललेली असते. टायर नवे, दिवे नवे, पायांना सराव. सगळं झाल्यावर कुणीतरी पासपोर्ट उघडून बघतो आणि मग घरात शांतता पसरते.

आमच्या शेजारच्या एका कुटुंबात असंच झालं. आईवडील आणि चौदा वर्षांची मुलगी. बेत होता कोलंबोपासून कँडीमार्गे नुवारा एलियाच्या डोंगरापर्यंत सायकलनं जायचा. निघायचं मेच्या दुसऱ्या आठवड्यात. वडिलांचा पासपोर्ट ऑगस्टपर्यंत चालू होता, त्यामुळे ते निश्चिंत. पण श्रीलंकेसारख्या अनेक देशांचा नियम असा की, तुम्ही तिथं उतराल त्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी. नसेल तर विमान कंपनीच्या खिडकीवरूनच परत यावं लागतं. मुलीचं तर आणखी वेगळं. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा साधारणपणे पाचच वर्षांचा. घरातले सगळे पासपोर्ट एकाच दिवशी काढले तरी ते एकाच दिवशी संपत नाहीत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुलीचा पासपोर्ट केव्हाच संपून गेला होता.

मग धावपळ. अर्ज, तत्काळची वाढीव फी, ठाण्याच्या केंद्राची वेळ, घोडबंदर रोडची वाहतूक. त्या गडबडीत ती मुलगी एकदा मला म्हणाली, "काका, सायकल आमची, पैसे आमचे, पाय आमचे. मग एवढ्याशा पुस्तकासाठी कुणाची तरी परवानगी कशाला लागते? हे कुणी सुरू केलं?"

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. ती ज्या किल्ल्याशी रविवारी सायकल टेकवते, तिथूनच सुरुवात करता येते.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो दा कुन्याशी तह केला. मोगल बादशहा हुमायूनची धास्ती पाठीशी होती. त्या तहानं वसई पोर्तुगीजांना मिळाली, एवढं आपण शाळेत शिकतो. तहात आणखी एक कलम होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला यावं, इथून परवाना घ्यावा आणि परतताना पुन्हा इथंच येऊन जकात भरावी. म्हणजे ज्या गावातून आज माणसं पासपोर्टसाठी ठाण्याला जातात, त्या गावात पाचशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी परवान्यासाठी यावं, असं कागदावर ठरलं होतं.

या परवान्याला पोर्तुगीज 'कार्ताझ' म्हणत. मूळ शब्द अरबी. 'किर्तास' म्हणजे कागद. ज्या अरबांच्या व्यापाराला लगाम घालायचा, त्यांच्याच भाषेतला शब्द पोर्तुगीजांनी उचलला. कार्ताझमध्ये जहाजाचं नाव, नाखुद्याचं नाव, जहाज केवढं, त्यावर हत्यारं किती, ते कुठं जाणार आणि कुठला माल न्यायचा नाही, हे सगळं लिहिलेलं असे. कागदाची किंमत फार नव्हती. खरी किंमत पुढे होती. पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे. आणि कागद जवळ नसला तर जहाज जप्त. समुद्र कुणाच्या मालकीचा नव्हता, पण तोफा ज्यांच्याकडे होत्या त्यांनी समुद्रावर दरवाजा बसवला आणि त्याची किल्ली विकायला काढली.

हा दरवाजा बादशहाच्या घरच्यांनाही चुकला नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली. बाबराची मुलगी, हुमायूनची बहीण, 'हुमायूननामा' लिहिणारी ती हीच. फत्तेपूर सिक्रीहून निघालेला तिचा काफिला पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी सुरतेत सुमारे वर्षभर खोळंबला. १५७६ मध्ये कुठे तिची जहाजं सुटली. आज आपण तत्काळमध्ये चार दिवस जास्त लागले तरी हैराण होतो. तिथं हिंदुस्थानच्या बादशहाची आत्या वर्षभर किनाऱ्यावर बसून होती.

त्या काळच्या एका मोठ्या मौलवींनी तर हजला जाणं बंधनकारकच नाही, असा फतवा दिला होता. कारण असं सांगितलं की, खुष्कीनं जावं तर वाट इराणातून जाते, आणि समुद्रानं जावं तर ज्या परवान्यावर मरियम आणि येशू यांच्या आकृती आहेत तो खिशात ठेवावा लागतो. इतिहासकार बदायुनीनं हे लिहून ठेवलं आहे. मला या हकिकतीत धर्माच्या वादापेक्षा दुसरंच काही दिसतं. माणूस आपल्या देवाच्या वाटेनं निघाला तरी मधे कागद आडवा येतो, आणि तो कागद कुणाच्या शिक्क्याचा, हे त्याच्या मनाला लागतं.

बरं, कागद घेतला म्हणजे सुटलो असंही नव्हतं. १६१३ मध्ये 'रहिमी' हे मोठं जहाज तांबड्या समुद्राकडून सुरतेला परतत होतं. मालकीण खुद्द जहांगीर बादशहाची आई. जहाजाकडे कार्ताझ होता. तरीही पोर्तुगीजांनी ते पकडून गोव्याला नेलं. जहांगीर खवळला आणि त्यानं पोर्तुगीजांविरुद्ध फौज धाडली. परवाना देणारा जेव्हा स्वतःच्याच परवान्याला किंमत देत नाही, तेव्हा त्या कागदाचं काय होतं, याचं हे उदाहरण.

ही रीत फक्त फिरंग्यांची होती असं मात्र कुणी समजू नये. आपल्याकडे दस्तक होतं, राहदारी होती, परवाना होता. कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक घेतल्याशिवाय जहाज पुढे जाऊ द्यायचं नाही, असा बाणा धरला. इंग्रजांशी त्यांचा जो उभा दावा झाला, त्यात किनाऱ्यावर परवाना कुणाचा चालायचा, हाही प्रश्न होता. इंग्रज त्यांना चाचे म्हणत राहिले. पण परवाना देणं ही सत्तेची खूण आहे, हे आंग्र्यांना पुरतं कळलं होतं. शब्दांची गंमत अशी की दस्तक, राहदारी, परवाना हे तिन्ही शब्द फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की आता घरचेच वाटतात. उर्दूत 'परवाना' म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंगही. सरकारी कागद आणि वेडा पतंग यांना एकच शब्द, हे बघून कवीला हसू येतं. पासपोर्टला आपण 'पारपत्र' हा छान शब्द केला, पण वसईत तो फलकापलीकडे कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही.

आता आजच्या पासपोर्टकडे येऊ. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून बाहेर जायला पासपोर्टची सर्रास सक्ती नव्हती. युद्ध सुरू झालं, १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा आला आणि त्याच्या आधारानं येण्याजाण्यावर पासपोर्टची अट आली. युद्ध संपलं, अट राहिली. १९२० मध्ये इंडियन पासपोर्ट अॅक्ट झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकारानं पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्ट बत्तीस पानी पुस्तिकेच्या रूपात असावा, असं ठरलं. आपल्या हातातल्या पुस्तकाचा जन्म तिथला.

हे पुस्तक कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे सरकारच्या मर्जीवर होतं. दोन मराठी मुलखातली उदाहरणं सांगतो. पहिलं लोकमान्य टिळकांचं. १९१८ मध्ये होमरूलची मागणी इंग्लंडच्या जनतेपुढे मांडण्यासाठी टिळक निघाले. बरोबर दादासाहेब खापर्डे होते, न. चिं. केळकर होते. पासपोर्ट मिळाले होते. मंडळी कोलंबोला पोचली आणि तिथं कळलं की लंडनहून हुकूम आला आहे, पासपोर्ट रद्द. मुकाट परतावं लागलं. पुढे त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळकांना जाऊ दिलं, तेही राजकीय चळवळ करायची नाही या अटीवर. म्हणजे कोर्टात भांडायला या, पण आपल्या देशाबद्दल बोलू नका. कोलंबोला सायकलनं फिरायला निघालेल्या माझ्या शेजाऱ्यांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मुलीच्या आईनं हातातली फाइल बाजूला ठेवून ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

दुसरं उदाहरण सायकलचंच आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची ही मुलं. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं शेवटपर्यंत गेले, बाकीचे तिघं वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी गळले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश असं करत १८ मार्च १९२८ रोजी तिघं मुंबईला परतले. साडेचार वर्षांत सुमारे ७१,००० किलोमीटर. गिअर नाहीत, मोबाइल नाही, पुष्कळ ठिकाणी रस्ताच नाही. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पुढे पंडित नेहरूंनी प्रस्तावना दिली.

त्या काळचा पासपोर्ट आजच्यासारखा जगभर चालणारा नव्हता. तो कोणकोणत्या देशांसाठी आहे ते त्यावर नोंदवलेलं असे, आणि नवा देश वाढवायचा तर पुन्हा सरकारी शेरा मिळवावा लागे. आगगाडीतला प्रवासी सरहद्द झोपेत ओलांडू शकतो. सायकलवाल्याला ते शक्य नाही. तो घामानं भिजलेला, धुळीनं माखलेला चौकीपुढे येऊन उभा राहतो आणि शिपाई त्याचा चेहरा आणि फोटो ताडून बघतो. सरहद्द म्हणजे काय, हे सायकलवाल्याइतकं कुणाला कळत नाही.

टिळकांना कोलंबोवरून परतवणारं सरकार आणि या मुलांना जग फिरू देणारं सरकार एकच. मधे फक्त पाच वर्षं. मुलांच्या हिमतीला माझा सलाम आहेच. पण पासपोर्ट हा तेव्हा हक्क नव्हता, मेहेरबानी होती. ज्याच्यापासून धोका नाही त्याला ती मिळे.

स्वातंत्र्यानंतर हे लगेच बदललं असेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. १९५४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर अशी पाच पासपोर्ट कार्यालयं उघडली. पाचांतली दोन आपल्या वाट्याला आली. पण पासपोर्ट कुणाला द्यावा, कुणाला नाकारावा, याचा कायदाच नव्हता. पुढे सतवंत सिंग साहनी नावाच्या एका व्यावसायिकाला सरकारनं पासपोर्ट परत करायला सांगितलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबई, केरळ आणि म्हैसूर या उच्च न्यायालयांनी परदेशी जाण्याचा हक्क त्याआधी मान्य केला होता, दिल्लीनं नाकारला होता. १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या घटनापीठानं तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जे व्यक्तिस्वातंत्र्य आहे, त्यात परदेश प्रवास येतो, आणि कायद्यावाचून तो कुणाला नाकारता येणार नाही. अवघ्या एका मतानं आपण प्रजेचे नागरिक झालो म्हणा ना! सरकारला घाईघाईनं आधी वटहुकूम काढावा लागला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा आला. त्या वर्षी सगळ्यात मोठी घाई अर्जदाराला नव्हती, सरकारला होती.

दहा वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, मनेका गांधींना सात दिवसांत पासपोर्ट जमा करा असं पत्र आलं. कारण विचारलं तर जनहितासाठी कारण सांगता येत नाही, हे उत्तर. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नुसता कायदा असून भागत नाही, त्याची पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. या निकालाचा आधार पुढे कैद्यांपासून फुटपाथवर राहणाऱ्यांपर्यंत कितीतरी लोकांना मिळाला. एका पासपोर्टच्या भांडणातून एवढं निघालं.

तत्काळ योजनेकडे मी या नजरेनं बघतो. लोकांना ती फक्त जादा पैशांची रांग वाटते. २०१२ पासून साध्या पुस्तिकेला १५०० रुपये आणि तत्काळसाठी वर २००० रुपये, हा हिशेब बहुतेकांना पाठ आहे. पण तत्काळची खरी गोष्ट पैशांत नाही. एरवी सरकार आधी पोलिसांकरवी पडताळणी करतं आणि मग पासपोर्ट देतं. तत्काळमध्ये बहुतेक वेळा पासपोर्ट आधी हाती येतो आणि पडताळणी मागाहून होते. म्हणजे सरकार आधी विश्वास ठेवतं. पूर्वी या विश्वासासाठी कुणा बड्या सरकारी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणावं लागे. ज्याची ओळख त्याची सोय. २०१८ मध्ये ती अट गेली आणि ओळख नसलेल्या साध्या माणसालाही घाईत पासपोर्ट मागता येऊ लागला. गुलबदन बेगमच्या वर्षभराच्या खोळंब्यापासून इथवर आलो, हे काही कमी नाही.

अजून पुष्कळ उरलंही आहे. आमच्या भागाचंच बघा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्याआधीच्या पासपोर्टवर जिल्हा ठाणे, नंतरच्या कागदांवर पालघर. माणूस त्याच घरात, त्याच विहिरीशेजारी, पण कागदावर जिल्हा बदललेला. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, त्यामुळे पडताळणीचा मार्गही बदलला. मग नावांचं प्रकरण. वसईत एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंग भावाभावांत वेगळी असतात. आम्हा मुसलमानांत मोहम्मद हा एक शब्द चार तऱ्हांनी लिहिला जातो, आणि कितीतरी जणांना आडनाव नसतंच. अर्जात मात्र आडनावाचा रकाना असतो. कागदाला माणूस एकाच स्पेलिंगचा हवा असतो, आयुष्य तसं नसतं.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना पूर्वी त्या यात्रेपुरता वेगळा पास मिळे. २००९ पासून त्यांनाही आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागू लागला. ज्यांनी उभ्या आयुष्यात जन्मतारीख लिहून ठेवली नव्हती, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना कागद गोळा करावे लागले. पडताळणीचा हवालदार दारात येतो तेव्हा काही घरांत चहा टाकला जातो, काही घरांत आधी छातीत धडधड होते. हवालदार तोच, प्रश्न तेच. तरी धडधड सगळीकडे सारखी नसते. आधी विश्वास, मग चौकशी हा तत्काळचा नियम जेव्हा प्रत्येक दारात सारखा वाटू लागेल, तेव्हा १९६७ चा निकाल खऱ्या अर्थानं पोचला असं मी म्हणेन.

पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका छापल्या जातात नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावानं इतर देशांना विनंती असते की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्यावं. आणि १९६७ च्या कायद्याचं सतरावं कलम सांगतं की पुस्तिका कायम केंद्र सरकारच्या मालकीची. हक्क आपला, पुस्तक सरकारचं. या दोन वाक्यांमधल्या जागेत आपलं सगळं स्वातंत्र्य उभं आहे.

शेजारच्या कुटुंबाचे पासपोर्ट वेळेत आले. ज्यांचे यंदा आले नसतील त्यांना एवढंच सांगतो की सायकलचा बेत करण्याआधी पासपोर्ट उघडा. मोठ्यांची मुदत बघा, मुलांची वेगळी बघा, प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने मोजा, नावाची अक्षरं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का ते बघा. हे काम जानेवारीतच उरकलं तर मेमध्ये पळापळ होत नाही. आणि खिडकीपुढे उभे राहाल तेव्हा मान खाली घालू नका. नम्रपणे बोला, पण उपकार मागायला आल्यासारखे बोलू नका. ते पुस्तक मेहेरबानी म्हणून मिळत होतं तो काळ मागे पडला आहे. तो परत येऊ न देणं आपल्याच हाती आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)